उतारावर गाडी न्यूट्रल करू नकोस

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी आपलं बोलणं अर्धवट राहिलं. फोनवर मी एक बोलते, तू दुसरंच ऐकतोस, आणि मधेच तुझे बाबा स्पीकर लाव म्हणून मागे लागतात. म्हणून लिहायलाच बसले. प्राजू संध्याकाळी क्लासवरून आली की या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार, मला फोन करून हसू नकोस.

पहिल्यांदा हे सांगते, की तू गाडी घेतलीस याचा मला मनापासून आनंद झाला. परक्या देशात, त्यांच्या भाषेत लेखी परीक्षा देऊन लायसन काढलंस, हे मी खालच्या काकूंना सांगितलं, भिशीत सांगितलं, आणि काल दूधवाल्यालाही सांगून झालं. आपल्या लायसनवर तिकडे राहायला गेल्यावर एकच वर्ष चालवता येतं, मग सगळं पहिल्यापासून, हे तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं की आता हा सायकलवरच राहणार. राहिला नाहीस. बाबांनी तुझ्या लायसनचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, फोटोत केस कापलेले दिसताहेत, बरं झालं.

आणि गाडी घेतलीस तीही फियाटच. इटलीत, फियाटच्याच गावात तोरिनोत राहून फियाट घेणार नाही तर काय घेणार म्हणालास, ते खरंच. पण १९९६ ची पांडा! तुझ्याहून वर्षानेच लहान. एअरबॅग नाही, एबीएस नाही. ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम, हे तू सांगायच्या आधीच मला माहीत होतं. आणि पहिल्याच महिन्यात ती घेऊन वर डोंगरात सेस्त्रिएरेला जायचं ठरवलंस. त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. ठरवूनच बसले आहे.

तू पाठवलेला तो फोटो मात्र मी कितीदा बघितला सांगू. पांडाचा नव्हे, तो दुसरा. ज्या आजोबांकडून गाडी घेतलीस त्यांच्या बंद दुकानाचा. पिनेरोलोच्या पुढे, दरीतल्या गावात. निळा बोर्ड, अर्धं ओढलेलं शटर, आत काचेमागे लाकडी काउंटर आणि त्याच्यावर उलटी ठेवलेली खुर्ची. आता तिथे गाड्या विकत नाहीत, शहरातल्या मोठ्या शोरूमने सगळं नेलं, आजोबा मागच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करतात, असं तू लिहिलंस. निखिल, तो काउंटर बघून मला आमचंच दुकान दिसलं. इतकं की मी बाबांना म्हटलं, या खुर्चीच्या उजवीकडे टेलिफोन असणार बघा. मग फोटो मोठा केला तर भिंतीवर वायर लोंबतच होती.

तुला मी त्या नोकरीबद्दल फारसं कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस, आणि सांगायला वेळ कुठे होता. मी १९८३ ला लागले. बी.कॉम.चा निकाल लागला आणि पंधरवड्यात तुझे आजोबा (माझे बाबा) मला घेऊन शेठजींकडे गेले. मुली तेव्हा बँकेत नाहीतर शाळेत. गाड्यांच्या दुकानात मुलगी म्हटल्यावर मोठ्या मामाने दोन दिवस जेवताना तोंड फुगवलं होतं. माझं काम बुकिंगचं रजिस्टर. लाल कापडी बांधणीचं, एवढं जाड की दोन हातांनी उघडावं लागे. अनुक्रम, नाव, पत्ता, तारीख, अनामत, रंग. रंग आम्ही विचारून लिहायचो, पण लोकांनाही ठाऊक असायचं की येईल तो रंग आपला. कंपनीने तोवर फियाट हे नाव सोडून नऊ-दहा वर्षं झाली होती. १९७४ पासून गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी, कागदोपत्री तेच. तरी दारातून आत येणारा प्रत्येक माणूस फियाटचाच नंबर कुठवर आला ते विचारायचा, आणि मीही फियाटचाच सांगायचे.

शोरूममध्ये गाडी एकच. मोझेकच्या फरशीवर, पुढच्या चाकांखाली पत्र्याचे ट्रे, आणि दुपारी ऊन आत यायला लागलं की तिच्यावर चादर. विकायची नव्हे, बघायची. नंबर लागायला वर्षं जायची ना, तोवर लोकांना निदान बघायला हवी. एक मास्तर दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी यायचे. रजिस्टरात स्वतःचं नाव बघायचे. मी बोट ठेवून दाखवायचे, वर किती राहिले ते मोजायचे. मग हळूच विचारायचे, जरा बसू का आत? चपला बाहेर फरशीवर काढायचे, रुमालाने पाय पुसायचे आणि पुढच्या लांब सीटवर बसायचे, स्टिअरिंगला हात न लावता. ती सीट तेव्हा एकसलग, गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघं आरामात. पाच मिनिटं बसून उतरायचे. गाडी चालवता येत नव्हती त्यांना. मुलगा चालवणार होता. त्यांची गाडी आली तेव्हा ते रिटायर झाले होते आणि मुलगा पुण्याला. तरी मास्तर आले, हार घालून, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून घेतला, लिंबावरून गाडी पुढे घेतली आमच्याच ड्रायव्हरने, आणि मास्तर त्याच्या शेजारी बसून अंबाबाईला गेले. मला पेढा द्यायला परत आत आले होते.

साखर कारखान्यांची बिलं निघाली की वेगळी माणसं यायची. कागल, शिरोळ, हातकणंगले. उसाचं बिल पिशवीत घेऊन, तसंच टेबलावर ठेवून म्हणायचे, ताई, मोजून घ्या. त्यांना नंबर वगैरे मान्य नसायचा. कुणाची तरी आलेली गाडी "ऑन", म्हणजे वरचे पैसे, देऊन घ्यायची तयारी असायची, आणि तसे व्यवहार बाहेर चालायचेही. शेठजी मात्र दुकानात तो शब्द काढू द्यायचे नाहीत. कुणी कर्ज काढून घेतो म्हटलं की ते लालबहादूर शास्त्रींची गोष्ट सांगायचे, की देशाचा पंतप्रधान, बारा हजारांची फियाट, आणि त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. शास्त्रीजी गेल्यावर ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. ऐकून समोरचा माणूस गप्प व्हायचा. तू पैसे कसे उभे केलेस ते मला सांगितलं नाहीस. मित्राकडून घेतले असतील तर आधी ते दे. मी एवढंच म्हणेन.

गाड्या कुर्ल्याहून यायच्या. वालचंदशेठनी १९४४ ला काढलेला तो कारखाना, आधी डॉज आणि प्लिमथ जोडायचे, मग फियाट. आमचे ड्रायव्हर रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला जायचे आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार गाड्या एकामागे एक चालवत आणायचे. खंडाळा, कात्रज, खंबाटकी, तीन घाट. इंजिन नवं, जोरात चालवायची नाही. आल्या की बापू मिस्त्री कुणाला पाणी प्यायच्या आधी गाडीत बसायचा आणि ब्रेकचं पेडल दाबून बघायचा. एकदा, दोनदा, मग दाबून धरायचा आणि मनात मोजायचा. पेडल धरलं त्याच जागी राहिलं तर उतरायचा. जरा जरी खाली सरकलं तर गळती शोधून चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढायला लावायचा, रात्री नऊ वाजोत नाहीतर दहा. मी एकदा विचारलं, नव्या गाडीला काय झालंय? तो म्हणाला, बाई, गाडी चालू झाली नाही तर माणूस घरीच राहतो.

बापूकडून मी जे शिकले ते कॉलेजात शिकले नाही. चढावर गाडी गरम होऊन बंद पडली की पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, हे त्यानेच दाखवलं. पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. फोंड्याच्या, आंब्याच्या घाटात तेव्हा वळणावळणाला बोनेट उघडलेली फियाट आणि फडकं पिळणारी माणसं दिसायची. तुझ्या पांडाला हे लागणार नाही. बाबांनी विचारायला सांगितलं होतं कार्ब्युरेटर की इंजेक्शन, तर तू इंजेक्शन म्हणालास. ऐकून त्यांना जरा वाईट वाटलं. कार्ब्युरेटर असता तर त्यांना फोनवरून काहीतरी सांगता आलं असतं.

आणि बापूचं दुसरं वाक्य. चढायला जो गिअर, उतरायला तोच.

आता हे आलंच आहे तर लिहिते.

करूळ घाटाचं तुला माहीत आहे, पण तुला माहीत आहे ते नानाकाकांनी सांगितलेलं. त्यात ते नेहमी सगळ्यांना हसवतात. त्यांची काठी घेऊन तू घोडा घोडा करत पळायचास आणि ते लंगडत मागे यायचे, त्यामुळे तुला ती गोष्ट गमतीची वाटत आली. मी मागच्या सीटवर होते. गणपतीला निघालो होतो. मांडीवर मखराचं सामान, शेजारी काकू, तिच्या पायाशी नारळाची पिशवी. आजोबांची पद्मिनी. तिच्या बुकिंगची ओळ रजिस्टरात माझ्याच अक्षरात होती, तीच गाडी. गगनबावड्याला चहा घेतला आणि घाट लागला तसं नानांनी गाडी न्यूट्रल केली. तेव्हा सगळेच करायचे. इंजिनचा आवाज गेला की पेट्रोल वाचलं असं वाटायचं, आणि गाडी कशी तरंगत उतरते म्हणून मुलांना मजा. मीही काही बोलले नाही. दीर, त्यात थोरले.

आधी वास आला. जळक्या चामड्यासारखा उग्र वास, काचा खाली असूनही आत भरला. काकू म्हणाली, कुणीतरी पाचोळा पेटवलाय. मला तो वास माहीत होता. वर्कशॉपमध्ये ब्रेकचे लायनर गरम झाले की तसाच यायचा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. सतत दाबत राहिलं की आतली उष्णता बाहेर पडायला वाव नाही, शू गरम, ड्रम गरम, आणि मग दाबलं तरी धरत नाही. पुढच्या वळणावर नानांनी पेडल दाबलं आणि त्यांचा गुडघा डॅशबोर्डखाली गेलेला मला मागून दिसला. इतका खाली. त्यांनी गिअर टाकायचा प्रयत्न केला, वेग एवढा की गिअर पडेना, नुसतं कर्रर्र. हँडब्रेक ओढला. मग त्यांनी दरी सोडली आणि गाडी डोंगराच्या बाजूला गटारात घातली. तेवढी बुद्धी त्या क्षणी त्यांना सुचली म्हणून मी आज पत्र लिहितेय. मखराच्या काड्या माझ्या हातात घुसल्या होत्या, काकूला खरचटलं, नानांचा पाय त्या पेडलमध्येच अडकला होता. मी त्यांना कधी दोष दिला नाही. घरातल्या कुणीच दिला नाही.

तू अजून नव्हतास तेव्हा.

आता सेस्त्रिएरे. २०३५ मीटर. मी नकाशा काढून बघितला, प्राजूने लावून दिला. तोरिनो २४० च्या आसपास. म्हणजे येताना तू अठराशे मीटर उतरणार, बर्फातून, अंधार लवकर पडणाऱ्या दिवसांत, जुन्या गाडीतून, आणि फोनवर मला सांगतोस की आई, ही फोर बाय फोर आहे. अरे, चारही चाकांना इंजिनची ओढ आहे ती चढायला आणि रुतलेलं बाहेर काढायला. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात. बर्फावर तुझी पांडा जोमाने चढेल, म्हणूनच मला भीती वाटते. चढताना ती तुला कुठेच जाणवू देणार नाही की रस्ता निसरडा आहे. साध्या गाडीचं चाक गरगर फिरलं असतं आणि तू खालूनच परत आला असतास. तुझी वरपर्यंत नेईल, आणि मग उतारावर पहिल्यांदा कळेल.

एबीएस नाही म्हणजे चाकं लॉक होणार. लॉक झाली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. दाब, सोड, दाब, सोड. पण मुळात तिथवर वेळ येऊ द्यायची नाही. वरूनच सेकंडला उतरायला लाग, इंजिनने गाडी धरली पाहिजे, ब्रेक फक्त वळणाआधी. मागचा हॉर्न देऊ दे. दिवे मारू दे. त्याला जाऊ दे पुढे.

बघ, घाटाबद्दल लिहिणार नव्हते आणि पान भरलं. तू इंजिनिअर आहेस, गाड्यांमध्येच काम करतोस, रांजणगावच्या कारखान्यात तीन शिफ्ट काढल्यास, तुला तुझी आई ड्रम आणि डिस्क शिकवतेय. राग मानू नकोस. तुला येत नाही असं मला वाटत नाही. तुला येतं हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरीही रात्री जाग येते.

तुझ्यात हे फियाटचं वेड कुठून आलं याचा मी विचार करत होते. माझ्यामुळे असेल असं मला वाटायचं, पण खरं तर आपल्या फियाट पालिओमुळे. मारुती आल्यावर आमच्या दुकानाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. १९८३ च्या डिसेंबरात ती आली आणि दोन-तीन वर्षांत माझ्या रजिस्टरातली नावं लाल शाईने खोडायला लागली. लोक अनामत परत मागायला यायचे, खाली बघत, जणू आमचा अपराध करताहेत. १९८५ ला आमच्या कंपनीची ११८ एनई आली. बाहेरून इटलीची फियाट १२४, आत निसानचं इंजिन, गिअर खाली. शेठजींनी शोरूमला रंग दिला, नवी ट्यूबलाइट लावली. चांगली होती गाडी, मला फार आवडायची, पण पूर्वीची गर्दी परत आली नाही. तुझ्या वेळी मी नोकरी सोडली. फियाट उनोचं बुकिंग सुरू झालं तेव्हा तू वर्षाचा होतास, तुला कडेवर घेऊन मी बघायला गेले होते, फूटपाथपर्यंत रांग. एवढी माणसं बघून मला रडू आलं. बापू मिस्त्री तोवर गेला होता.

२००२ च्या दिवाळीत आपण पालिओ घेतली, सातव्या वर्षी तुला तेंडुलकरची गाडी हवी होती म्हणून. बाबा सांगतात की इंजिन चांगलं म्हणून घेतली, पण जाहिरातीचं कात्रण तू त्यांच्या डब्यात ठेवलं होतंस ते त्यांनी अजून जपलंय. त्या गाडीचं दार लावल्याचा आवाज आठवतो का? भारी, घट्ट. नानाकाका पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी दार दोनदा उघडून दोनदा लावलं होतं. तिला आपण विकलं त्या दिवशी तू हॉस्टेलवर होतास आणि तुला नंतर कळलं. त्यावरून जे झालं ते झालं. फीचे पैसे भरायचे होते, एवढंच.

तू तिकडे गेल्यावर पहिला फोटो पाठवलास तो लिंगोत्तोच्या, फियाटच्या जुन्या कारखान्याच्या छताचा, आठवतं? खाली लोखंड आत जायचं, मजल्यागणिक गाडी तयार होत वर चढायची आणि छतावर पोचली की तिथल्या पट्टीवर पळवून बघायचे. १९८२ ला तो कारखाना बंद झाला असं तू लिहिलं होतंस, आणि मी मनात म्हटलं, मी दुकानात लागायच्या आदल्याच वर्षी. आमच्याकडे जुन्या फियाट डिलाइटच्या पार्ट्सचं एक बुक होतं, पानं तेलाने पारदर्शक झालेली, त्याच्यावर तोरिनो लिहिलेलं. मी ते रोज हाताळायचे. ते एखादं गाव असेल आणि तिथे माझा मुलगा भाड्याची खोली घेऊन राहील, हे कुठल्या ज्योतिषाने सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. छतावर उभा राहून तू हात पसरलेले. मागे सगळे बर्फाचे डोंगर. तेव्हा मला ते डोंगर फार सुंदर वाटले होते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा तू मला बातमी पाठवली होतीस. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंद झालेली, वीस वर्षं पुरी झाली म्हणून काढली. मी परळच्या मामीला फोन केला. मामा गेल्यापासून ती टॅक्सीचं नाव काढत नाही, पण त्या दिवशी अर्धा तास बोलली. मामाने तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, एकदाही कुणाला धक्का नाही. तिला त्याचा फार अभिमान आहे. मलाही आहे. आपल्या घरात चांगले गाडी चालवणारे आहेत, निखिल. मामा, तुझे बाबा. नानाही चांगलेच चालवायचे. म्हणून तर सांगते.

बाबांचं डोळ्याचं बरं आहे. रात्रीची गाडी त्यांनी बंद केली, स्वतःहून, मला सांगावं लागलं नाही. दिवसा पण हल्ली मीच चालवते आणि ते शेजारी बसून ब्रेक दाबतात. प्राजूचं ट्रेनिंग सुरू आहे. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत. लोकरी मोजे आणि भडंग पाठवलंय, भडंगाची पिशवी तीन वेळा गुंडाळली आहे.

तू जा सेस्त्रिएरेला. मी जाऊ नको म्हणत नाही. रविवारी म्हटलं असेन, पण आता म्हणत नाही. तुझं वय आहे, गाडी आहे, मित्र आहेत. १५ नोव्हेंबरपासून तिकडे बर्फाचे टायर नाहीतर साखळ्या सक्तीच्या होतात ना? एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग तू साखळ्या नुसत्या डिकीत ठेवू नकोस, घराखाली एकदा लावून बघ, हातमोजे घालून, अंधारात. नव्या लायसनला महामार्गावर शंभरच्या वर जायचं नाही असंही मी वाचलं. ते तर मला फार आवडलं. चारच्या आत उतरायला लागा. जो चालवणार तो वाइन घेणार नाही, अर्धा ग्लाससुद्धा नाही. आणि जर तिथला कुणी मित्र म्हणाला की न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं, तर त्याला सांग की वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीला तर गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंदच होतं, हे मला बाबांनी सांगितलं. न्यूट्रलला उलट लागतं.

एक काम कर. जायच्या आधी गाडी घेऊन त्या आजोबांकडे जा, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचार. दोन वर्षांच्या वर झालं असेल तर काढून नवं भरायला सांग, पैसे मी पाठवते. जुन्या ऑइलमध्ये दमटपणा शिरतो, लांब उतारावर ते उकळतं, आणि पेडल खाली जातं. तुला माहीत असेल. तरी विचार. मग गाडीत बसून पेडल दाबून धर आणि वीस मोज. ते जागेवर राहिलं की मला मेसेज कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, त्या आजोबांच्या शेडचा आतला फोटो पाठव. भिंतीवर स्पॅनर कसे लावलेत ते त्यांना बघायचंय.